मायच्या तोंडासमोरची भिंत

आत्याबाई, तुमच्या तेरवीसाठी मागून आणलेली भांडी अजून परत गेली नव्हती, तेवढ्यात देवळात गवंडी आले. आपल्या देवीच्या, मायच्या तोंडासमोरची भिंत पोटाशी फुगली आहे. ती पाडून नवी घालायची, की आतून चुना भरून भागवायचं, ते त्यांना पाहायचं होतं. मी आत तुमच्या जागेवर आरसा घेऊन उभी होते आणि ते बाहेरून ठोकत होते. ठोके माझ्या पाठीत लागत होते. बाजूला ठोकलं की भरीव दगडाचा आवाज येई, मधोमध ठोकलं की मडक्यासारखा. गवंडी म्हणाला, इथं आधी काहीतरी असलं पाहिजे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मायचा राग आहे तो, हळू ठोक.

तेरवीला सगळ्या बायका तुमच्याबद्दल चांगलं बोलल्या. मी चुलीपाशी होते, म्हणून मला कोणी विचारलं नाही. चार माणसांत मी कधी तोंड उघडलं नाही, आणि तोच माझा एकुलता एक गुण आहे असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात. म्हणून हे लिहून ठेवते. वाचणारं कोणी नाही. तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं.

तुमच्या लेकाशी लग्न होऊन आले तेव्हा मला हे देऊळ उलटंच वाटलं होतं. अंजनगावला माझ्या बापाकडे मारुतीची पूजा होती, तिथे सगळं जागच्या जागी होतं. इथे गावाकडून, उगवतीकडून यायचं, पायऱ्या चढायच्या, ओवरीवरून काळ्या दगडाच्या सभामंडपात जायचं, मग वाकून गाभाऱ्याच्या दाराशी उभं राहायचं, आणि समोर मायची पाठ. दगडात कोरलेली वेणी, वेणीत कोरलेली फुलं, आणि पाठीवर सगळ्या गावाने लावलेलं हळदकुंकू. दीपमाळ देवळाच्या मागे. नाल्यावर उतरणाऱ्या पायऱ्या मागे. जे पुढे असायला पाहिजे ते सगळं मागे होतं. मी सासऱ्यांना विचारलं असतं, पण ते आधीच गेले होते, आणि तुमच्याकडे मान वर करून पाहायची मला भीती वाटायची.

पुढे कळलं की मायचं तोंड पाहायचं असेल तर आरशात पाहायचं. मायचं तोंड आणि पलीकडची भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. गुरवाच्या, म्हणजे आपल्या घरची बाई तिथे शिरून उभी राहते, कोपऱ्यातून आरसा धरते, आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला त्यात मायचं तोंड दिसतं. त्याला तोंडभेट म्हणतात. लग्न, बाळंतपण, दुखणं, कुठे गावाला जायचं असो, माणसं आधी तोंडभेट घ्यायची. तोंड दिसलं तर माय हो म्हणाली. भिंत दिसली तर नाही म्हणाली.

तोंडभेटीच्या आधी तुम्ही देवळाची कथा सांगायचात. ती ऐकायला लोक पार पातूरकडून यायचे, एवढी तुम्ही ती रंगवायचात. माय आधी नीट समोर पाहत होती. गुरवाच्या घरातली एक सून विटाळाची असताना गाभाऱ्यात शिरली. मायने तिला पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं, तिच्यासोबत दीपमाळ आणि पायऱ्या फिरल्या, दार मात्र होतं तिथेच राहिलं, म्हणून दीपमाळ मागे. इथपर्यंत आलं की तुम्ही थांबायचात आणि तीर्थाचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे हात करायचात.

"अशीच होती म्हणतात ते. गोरी, खाली मान घालणारी. दिसाले गरीब."

बायका हसायच्या. काही जणी माझ्या हातचं तीर्थ घ्यायच्या नाहीत. दर मंगळवारी, दर शुक्रवारी, जत्रेत तर दिवसभर. मी नवी होते तेव्हा घरी येऊन रडायचे. नंतर ती कथा मला इतकी पाठ झाली की तुमचा हात कधी उठणार ते मला आधी कळायचं, आणि मी भांडं सावरून धरायची.

त्याआधी नाक. आपल्या गावात पोरींचं नाक उजवीकडे टोचतात, कारण मायची नथ उजवीकडे आहे. माझं डावीकडे टोचलेलं होतं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सोनाराला बोलावलंत. अंजनगाववाल्यांनी उलट्या नाकाची पोरगी दिली म्हणालात. उजवी नाकपुडी पिकली, अर्धं तोंड सुजलं, मला भाकर चावता येईना. तुम्ही रोज तेलात हळद कालवून स्वतः लावायचात, हे खरं आहे. लावता लावता शेजारणीला म्हणालात, "दोहीकडून झालं, बरं झालं. वेसण घालाले सोपं." शेजारीण पोट धरून हसली. मलाही थोडं हसू आलं, पण तोंड हलवलं की दुखत होतं. दोन्ही नाकपुड्यांना भोकं असलेली गावात मी एकटीच आहे, आत्याबाई.

आता शेवंतीचं.

माझी पोरगी शेवंती उभी राहायला लागली होती. भिंत धरून चार पावलं टाकायची आणि वळून पाहायची, आपण पाहतो आहोत का म्हणून. थंडीत तिची छाती भरली. तिची कूस वरखाली व्हायची ते पाहवत नव्हतं. तुमच्या लेकाने भल्या सकाळी अकोल्याला न्यायला गाडी जुंपली. मी तिला गोधडीत गुंडाळून अंगणात आले. तुम्ही म्हणालात, आधी मायला विचारू. तुमचा लेक म्हणाला, माय काय नाही म्हणणार आहे का. तुम्ही म्हणालात, मग विचारायला काय झालं.

मी गाभाऱ्याच्या दाराशी तिला घेऊन उभी राहिले. तुम्ही आत गेलात. समईचा उजेड हलला, आरसा हलला, आणि मग थांबला. आरशात भिंत होती. चुना उडालेला होता, त्याखालचा दगड दिसत होता, एका जागी ओल आलेली होती. त्या ओलीचा आकार मी आजही बोटाने काढून दाखवीन. मी मान इकडे केली, तिकडे केली. शेवंतीला वर उचललं, तिला तरी दिसेल म्हणून. ती भिंतीकडे पाहून खोकली.

तुमच्या लेकाने बैल सोडले. तुम्ही अंगारा लावलात. पुढचा मंगळवार शेवंतीने पाहिला नाही.

मी खाणं सोडलं, बोलणं सोडलं. दळायला बसले की जातं तसंच राहायचं. एक दिवस तुमचा लेक चिडला, बोलत का नाही म्हणून त्याने हात उगारला. तुम्ही चुलीतलं पेटतं लाकूड घेऊन मध्ये उभ्या राहिलात. म्हणालात, "तिले माराचं असन त मी मारीन. तू हात लावू नोको." त्यानंतर त्याने कधी हात उगारला नाही. तुम्हीही कधी मारलं नाहीत. त्या दिवसांत तुम्ही दुधात भाकर कुस्करून मला घास भरवायचात, मी तोंड मिटून घेतलं की नाक दाबायचात, आणि शिव्या देत देत पूर्ण वाटी संपवायचात. मी जगले ती त्या वाटीमुळे. हे लिहायचं नाही असं आधी ठरवलं होतं. पण ते झालं होतं.

तेव्हा मला वाटायचं, मायने नाही म्हटलं म्हणजे माझ्यातच काही असेल. त्या कथेतल्या सुनेसारखं. मी रोज तिच्या पाठीला कुंकू लावायची आणि विचारायची, माझं काय चुकलं. पाठ काय बोलणार.

मग बबन झाला. तो चालायला लागला तेव्हा त्यालाही ताप भरला, भर दुपारी, डोळे फिरवायला लागला. तुम्ही अंगणातून ओरडलात, गाडी जुंप. मी म्हणाले, मायला विचारायचं नाही का? माझ्या तोंडातून ते सवयीने निघालं. तुम्ही बैलांच्या पाठीवर थाप मारत म्हणालात, "माय झोपली असन आता. जा लवकर."

बबन वाचला. अकोल्याच्या डॉक्टरने सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्या पदराशी खेळत होता. परत येताना मी गाडीत मागे बसले होते आणि तुमचं ते वाक्य मनात फिरत होतं. तरीही मला पुरतं कळलं नाही. मला वाटलं, पोरासाठी तुम्ही मायचा राग अंगावर घेतलात. मनात तुमचे आभार मानले.

मग तुमचे हात कापायला लागले. आरशात मायचं तोंड थरथरतं म्हणून लोक घाबरायला लागले. तुम्ही मला आत बोलावलंत. मायच्या बाजूने अंग चोरून मी त्या फटीत शिरले आणि पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं, आरशात नाही, समोर, माझ्या तोंडाएवढ्या अंतरावर. मी रागावलेली बाई पाहायला गेले होते. तिथे झोपेतून उठल्यासारखी एक पोरगी होती. खालच्या ओठाचा टवका उडालेला. आणि नथ डावीकडे.

मी म्हणाले, नथ तर डावीकडे आहे. तुम्ही म्हणालात, मग मला काय माहीत नाही? जन्मभर पाहून राहिले. मी विचारलं, मग पोरींची नाकं उजवीकडे काहून टोचता? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं मी भाजीत मीठ काहून घालता विचारलं. म्हणालात, "आरशात त्यायले उजवीकडं दिसते. मी काय घरोघर सांगत फिरू, तुमी उलटं पाह्यलं म्हणून?"

आणि लगेच पुढचं शिकवलंत. मनगट जरा बाहेर ठेवलं की तोंड. जरा आत घेतलं की भिंत. खांदा हलवायचा नाही, हलवला की लोकांना कळतं. पापड कसे लाटायचे ते सांगितलंत त्याच आवाजात हे सांगितलंत. मी एवढंच विचारलं, भिंत कोणाला दाखवायची? तुम्ही विचार केलात. खरंच विचार केलात, मला शिकवायचं होतं तुम्हाला. म्हणालात, "जिचं डोकं वर गेलं हाय तिले. जे लई रडते तिले. अन् ज्या घरच्यायनं पुन्हा यावं असं वाटते त्यायले."

शेवंतीच्या वेळी मी यांतली कोणती होते, ते मी विचारलं नाही. मी तर मान वर करत नव्हते. रडतही नव्हते त्या सकाळी. आणि आम्ही घरचेच होतो, आम्ही पुन्हा कुठून येणार होतो? आजपर्यंत मी हे तिन्ही धरून धरून पाहिले आहेत. एकही बसत नाही. कधी वाटतं, पोरीसाठी अकोल्याची खेप तुम्हाला जास्त वाटली. कधी वाटतं, तुमच्या लेकाने विचारायच्या आधी गाडी जुंपली, त्याचा राग होता. आणि कधी वाटतं काहीच नव्हतं, मनगटाला सवय होती. हे शेवटचं मला सगळ्यात सहन होत नाही.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. ती भिंत पडावी. माय तिथे असो नसो, तिचं तोंड कुठेही असो, माझ्या पोरीने देवळात शेवटचं जे पाहिलं ते तिथे राहू नये.

भिंतीची गोष्ट मला पंचफुलाकडून कळली. नाल्यापलीकडच्या वस्तीतली पंचफुला. पूर्वी जत्रेला त्यांच्यातले लोक डफडी वाजवायला यायचे, पण त्यांना पायरी नव्हती. ते दीपमाळेपाशी, देवळाच्या मागे उभे राहायचे. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, डफडी ठेवून दिली, आणि जत्रेला कोणी आलं नाही. तुम्ही त्या वर्षी नाल्याकडे तोंड करून किती शिव्या घातल्यात. मी नाल्यावर धुणं धूत होते, पलीकडच्या दगडावर पंचफुला होती. मी खालच्या आवाजात विचारलं, तुम्हाला चुकल्यासारखं नाही का वाटत? ती कपडा पिळत म्हणाली, "तुमची माय आमच्याकडंच तोंड करून बसली हाय, बाई. मंधात भिंत घातली ते तुमी. आता आमाले तिचं काम नाई राह्यलं."

मी ते तुम्हाला विचारलं. तुम्ही ओला हरभरा सोलत होतात, हात कापत होते तरी सोलत होतात, आणि त्या दिवशी खुशीत होतात. तुम्ही हसलात. म्हणालात, खरं सांगते ती. तुमच्या सासूने तुम्हाला सांगितलं होतं. देवळाचं खरं दार मावळतीलाच होतं. दीपमाळ पुढे होती, नाल्याच्या पायऱ्या पुढे होत्या. पलीकडच्या वस्तीतले लोक नाल्याच्या त्या काठावर उभे राहायचे आणि तिथून त्यांना दिव्यात मायचं तोंड दिसायचं. विटाळ तर झाला नाही, पायरी तर ओलांडली नाही, तरी नुसतं दिसतं हे गावाला खपेना. दार बुजवलं. पाठीमागची भिंत फोडून तिकडे दार काढलं, त्यापुढे सभामंडप बांधला. मायचं तोंड फिरवायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून ती तशीच राहिली. मग गावातल्या माणसांना तोंड दिसेना, म्हणून आरसा आला. आणि देवळात येणारी पोरंबाळं विचारायला लागली, माय पाठमोरी काहून, तेव्हा ती सून आली.

मी म्हणाले, म्हणजे अशी सून कधी नव्हतीच?

तुम्ही हरभऱ्याचा दाणा तोंडात टाकलात. "सून कोणत्या घरी नसते वं?"

मग तुम्ही मला पायाखालचा दगड दाखवायला आत नेलंत. ज्या दगडावर उभं राहून आरसा धरायचा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोल खळगी आहे, तिच्यात दाराचं टोक फिरायचं. तुम्ही जन्मभर मायच्या उंबरठ्यावर उभ्या होतात, आत्याबाई, तिच्याकडे तोंड करून आणि बुजवलेल्या दाराला पाठ लावून. आणि त्यानंतरच्या शुक्रवारी तुम्ही तीच कथा सांगितलीत आणि बरोबर त्या जागी माझ्याकडे हात केलात. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळा मारलात. माझं लग्न झाल्यापासून आपल्या दोघींत तेवढीच एक थट्टा झाली.

दिवाळीला तुम्ही अंथरूण धरलं ते उठला नाहीत. सगळं अंग मी पुसलं, ते सांगत नाही, ते सगळ्याच करतात. जायच्या आदल्या आठवड्यात तुम्हाला तोंडभेट हवी झाली. मला हसू आलं. तुम्ही कधी दाराच्या बाजूने माय पाहिलीच नव्हती. सून म्हणून आलात त्याच वर्षी तुम्हाला आत उभं केलं होतं. तुमच्या लेकाने तुम्हाला पाठुंगळी घेतलं, दाराशी आणलं. मी आत गेले, समई पुढे सरकवली, आरसा उचलला.

तुम्ही तिथून म्हणालात, "नीट धर वं. मनगट फिरवू नोको."

मी आरशाच्या कडेवरून पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात. पण तुमच्या डोक्याखाली तुमच्या लेकाचं तोंड होतं, आणि त्याला ते ऐकू आलं होतं. त्याने त्या सकाळी बैल सोडले होते. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. त्याच्या पाठीवर तुम्ही होतात. त्याने तुम्हाला जरा वर सरकवलं, लेकरू सरकवतात तसं, आणि खाली पाहायला लागला.

मी मनगट फिरवलं नाही. दया आली म्हणून नाही. तुम्ही ते तोंड पाहिल्याशिवाय जाऊ नये असं मला वाटलं. तुम्ही खूप वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "खरंच उजवीकडं दिसते की." आणि नव्या गोष्टीचं हसावं तशा हसलात. एवढंच. मी वाट पाहत होते त्यातला एकही शब्द निघाला नाही.

आता पंचांचं सांगते. गवंडी म्हणाला इथं दार असावं, तेव्हा देवराव पाटलांनी सभामंडपात माणसं बसवली. पाटील खुशीत होते. दार निघालं तर सरळ दर्शन होईल, जत्रा मोठी होईल म्हणाले. पण दार होतं हे सांगणारं कोणी जुनं उरलं नव्हतं. गुरवाच्या घरी काही माहीत आहे का, असं त्यांनी तुमच्या लेकाला विचारलं. तो म्हणाला, नाही. मी खांबामागे उभी होते. मी म्हणाले, "दार होतं."

सगळे वळले. मी काहीतरी मागायला आले आहे असं त्यांना वाटलं असावं. मी पदर ओढून घेतला आणि पुन्हा म्हणाले, दार होतं, आत उंबरठा आहे, पाहून घ्या. पाटील उठून आत गेले, खळगीत बोट घालून पाहिलं, बाहेर आले. त्यांचं तोंड खुललं होतं. म्हणाले, शाबास सूनबाई, मग बुजवलं काहून ते माहीत आहे का?

तिथेच गप्प बसायला पाहिजे होतं. तुम्ही बसला असतात. पण मला वाटलं, एकदा तोंड उघडलंच आहे तर त्या सुनेला सोडवावं. मी सांगितलं. नाल्यापलीकडून दिसायचं म्हणून बुजवलं, सून वगैरे कोणी नव्हती.

पाटलांनी तंबाखू मळायला घेतली. मळत मळत मागच्या बाजूला, दीपमाळेकडे पाहिलं. मग म्हणाले, "समोर अजूनही तेच लोक हायेत." आणि गवंड्याला म्हणाले, आतून चुना भर, बाहेरून आणखी एक थर दे, चांगला जाड. उठताना मला म्हणाले, हे बाहेर बोलायचं नाही. म्हातारीने जन्मभर तोंडातून काढलं नाही.

मी तोंड उघडलं आणि भिंत दुप्पट झाली. तुम्हाला किती हसू आलं असतं.

चुना ओला आहे अजून. भिंत पांढरीफेक झाली आहे. ओलीचा तो डाग त्याखाली गेला.

एक गोष्ट तुम्हाला अजून सांगायची आहे, आणि ती सांगायला दुसरं कोणी नाही. दिवाळीपासून आरसा एकट्या माझ्याच हातात आहे, आणि मी एकालाही भिंत दाखवली नाही. जो येईल त्याला तोंड. आधी लोक खूश झाले. मग गर्दी कमी व्हायला लागली. जुन्या बायका ओवरीत बसून म्हणतात, म्हातारीच्या हाताला धाक होता, हिच्या हातात माय सगळ्यांकडेच पाहून हसते. जे सगळ्यांना मिळतं ते घ्यायला पातूरहून कोण येणार? गेल्या महिन्यात एका शुक्रवारी तर फक्त आपल्याच गल्लीतल्या तिघी होत्या. जेवताना तुमचा लेक म्हणाला, अधूनमधून एखादीला भिंत दाखवत जा. शांतपणे म्हणाला, भाकर मोडता मोडता. मी त्याच्याकडे पाहिलं. ज्याने तुम्हाला पाठीवर घेऊन ते वाक्य ऐकलं तोच हा. त्याने ताक मागितलं. मी वाढलं.

मग चुना भरल्यावरच्या पहिल्या मंगळवारी पातूरच्या बाजूने एक गाडी आली. चांगल्या घरची सासू, पाटल्या घातलेली, आणि मागे सून, कडेवर पोरगी. पोरगी खोकत होती. कूस वरखाली होत होती. सासू म्हणाली, मायला विचारून सांगा, अंगाऱ्याने भागेल की अकोल्याला न्यावं लागेल. मी मनगट बाहेर ठेवलं. सुनेला तोंड दिसलं. मी आतून म्हणाले, "माय होय म्हणते. आजच न्या."

सासूला ते आवडलं नाही. ती सुनेला बाजूला सारून म्हणाली, मलाही दाखवा. आणि ती दाराशी उभी राहिली, पदर नीट केला, मान वर केली.

मी मनगट आत घेतलं. खांदा हलू दिला नाही.

तिने मान इकडे केली, तिकडे केली. पांढरी भिंत, समईचा उजेड. तिचं तोंड उतरलं. मी म्हणाले, "माय तुमच्यावर नाराज हाय. पोरगी बरी करून आणा, मंग पाहू." तुमचाच आवाज निघाला, आत्याबाई, मलाच दचकायला झालं. ती बाई सभामंडपात बसून हुंदके देऊन रडली. तिचं रडणं ऐकत मी त्या फटीत उभी होते, पाठ ओल्या चुन्याला लागली होती, आणि मला बरं वाटत होतं. किती दिवसांनी एवढं बरं वाटलं. तुम्हाला दर मंगळवारी असंच वाटत होतं का? मग आरसा सोडायला तुम्ही हात कापेपर्यंत का थांबलात ते मला कळलं.

माय पुन्हा रागावायला लागली, ही बातमी पातूरपर्यंत गेली. परवाच्या मंगळवारी ओवरीत बसायला जागा नव्हती. दीपमाळेपर्यंत गाड्या सोडल्या होत्या. तुमचा लेक दिवसभर नारळ फोडत होता. पाटील स्वतः येऊन गेले आणि सासूची गादी चालवली म्हणाले.

मी आरशाच्या कडेवरून प्रत्येकीचं तोंड पाहून घेत होते. पाटल्या घातलेली ती सासू त्यांत कुठे नव्हती. तिची सून नव्हती. तिकडच्या बायकांना विचारलं, त्या म्हणाल्या, ते घर गावाबाहेर मळ्यात राहतं, कोणाला काही माहीत नाही. माय रागावली म्हणून सासूने दुसऱ्या दिवशी मोठी पूजा घातली, एवढं एकीने ऐकलं होतं. पोरीला अकोल्याला नेलं की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं.